ढेकूण की दुसराच कीटक? अचूक ओळखीवर अवलंबून असतो उपाय

ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे ढेकणांवरून मोठी खळबळ माजली होती. ऑलिंपिक स्पर्धेला जेमतेम नऊ महिने उरले असताना मेट्रोचे डबे, रेल्वेगाड्या आणि चित्रपटगृहे यांतील किड्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. तत्कालीन वाहतूकमंत्री क्लेमाँ बोन यांनी तक्रारींचा आढावा घेऊन त्याचा निष्कर्ष जाहीर केला. पॅरिसच्या शहर वाहतूक सेवेकडे सुमारे दहा, तर राष्ट्रीय रेल्वेकडे ३७ तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी एकाही ठिकाणी ढेकूण असल्याचे सिद्ध झाले नाही, असे त्यांनी सांगितले.

याचा अर्थ फ्रान्समध्ये ढेकूण नव्हते असा नाही. तेथील अन्न, पर्यावरण व आरोग्य सुरक्षा संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात सुमारे ११ टक्के कुटुंबांना ढेकणांचा उपद्रव झाला होता. उपद्रव खरा होता. पण लोकांना प्रत्यक्ष दिसलेला किडा ढेकूणच आहे का, हा प्रश्न वेगळा होता. हीच गल्लत आपल्या देशातील घरांतही रोज घडते. अंथरुणावर लहानसा तपकिरी किडा दिसला की तो ढेकूण ठरतो, आणि औषध फवारणारा दारात उभा राहतो. उलटपक्षी, घरात ढेकूण झालेले असताना डास चावत असतील अशी समजूत करून घेऊन महिनोन्महिने दुर्लक्ष करणारी कुटुंबेही असतात. दोन्ही चुकांची किंमत मोजावी लागते.

भाषेच्या दृष्टीने पाहता मराठी माणसाला अशी गल्लत होण्याचे कारण नव्हते. इंग्रजीत असंख्य किड्यांसाठी 'बग' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. मराठीत मात्र ढेकूण, पिसू, गोचीड, ऊ, कसर, टोका, वाळवी असे स्वतंत्र शब्द आहेत आणि प्रत्येकाचे घरही निराळे आहे. शहरी घरांतून हे शब्द मागे पडले आणि सगळ्यांना मिळून 'किडे' म्हटले जाऊ लागले, तेव्हापासून ओळखही पुसट झाली असावी. अन्य भारतीय भाषांतील नावेही बोलकी आहेत. हिंदीतील 'खटमल' खाटेची आठवण देतो. गुजरातीतील 'मांकड' संस्कृत 'मत्कुण' या शब्दाशी नाते सांगतो. तमिळमध्ये ढेकणाला 'मूट्टैप्पूच्चि' म्हणतात. 'मूट्टै' म्हणजे गाठोडे. ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात जातो तो बहुधा गाठोड्यातून, वळकटीतून, जुन्या लाकडी सामानातून आणि आता प्रवासी बॅगांतून. त्याचा सारा स्वभाव या एका नावात आला आहे.

ढेकणाचे रूप

पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांबीचा, लंबगोल आणि वरून दाबल्यासारखा चपटा असतो. आकार आणि रंग या दोन्ही बाबतींत त्याची तुलना जवसाच्या दाण्याशी करता येईल. त्याला सहा पाय आणि आखूड मिशा असतात. पंख नसल्यामुळे तो उडू शकत नाही आणि पिसूप्रमाणे उडीही मारू शकत नाही. तो फक्त चालतो. रक्त प्यायल्यानंतर मात्र तो फुगून लांबट व गडद लाल होतो. त्यामुळे उपाशी ढेकूण आणि पोट भरलेला ढेकूण हे दोन निरनिराळे कीटक आहेत, असा अनेकांचा समज होतो.

पिल्लांबाबत घोटाळा अधिक होतो. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे आणि जवळजवळ पारदर्शक असते. पांढऱ्या चादरीवर ते दिसतही नाही. रक्त प्यायले की त्याच्या पोटात लाल ठिपका उमटतो. प्रौढ होण्यापूर्वी पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा तरी रक्त मिळावे लागते. मादी रोज एक ते पाच अंडी घालते. अंडी पांढरी, सुमारे एक मिलिमीटर लांबीची असून लाकडाला किंवा कापडाला चिकटलेली असतात. उष्ण हवामानात ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. यासाठीच एकदा औषध मारून काम संपले असे मानता येत नाही. फवारणीतून वाचलेल्या अंड्यांतून आठवड्याभरात नवी पिढी बाहेर येते.

ढेकणांच्या दोन जाती माणसाच्या घरात राहतात. थंड प्रदेशांत एक, तर भारतासारख्या उष्ण प्रदेशांत प्रामुख्याने दुसरी आढळते. साध्या डोळ्यांना दोहोंतील फरक कळत नाही. व्यवहारात मात्र एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाश्चात्त्य देशांत पलंगाच्या पायांखाली ठेवण्यासाठी गुळगुळीत कडांचे प्लास्टिकचे सापळे विकले जातात. थंड प्रदेशातील ढेकूण त्यांत पडला की त्याला वर चढता येत नाही. उष्ण प्रदेशातील ढेकणाच्या पायांवर चिकट केसांचे पुंजके अधिक असल्याने तो गुळगुळीत पृष्ठभागावर बऱ्यापैकी चढतो. खाटेच्या पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवण्याची आपल्याकडील जुनी पद्धत त्या मानाने अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. अर्थात खाट भिंतीला टेकलेली नसावी आणि चादर जमिनीवर लोळत नसावी, ही त्यातील अट आहे. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होऊ नये म्हणून ते वरचेवर बदलणेही आवश्यक आहे.

किड्याआधी त्याच्या खुणा

ढेकूण दिवसा सहसा दिसत नाही. पहाटेच्या सुमारास तो बाहेर येतो, झोपलेल्या माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि शरीराची ऊब यांचा माग काढतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि परत फटीत शिरतो. म्हणून किड्याचा नव्हे, तर त्याच्या खुणांचा शोध घ्यावा. गादीची शिवण, उशीच्या अभ्र्याचे कोपरे, लाकडी पलंगाचे सांधे, नवारीच्या किंवा सुंभाच्या खाटेच्या गाठी, डोक्याकडील भिंतीवरील तसबिरीची मागील बाजू आणि विजेच्या बटणांच्या पाटीची कड ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत.

तेथे शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके दिसले, तर ती ढेकणाची विष्ठा असण्याची शक्यता मोठी असते. हे ठिपके म्हणजे पचलेले रक्त असल्याने ओल्या पांढऱ्या कापसाने पुसल्यास ते तांबूस-तपकिरी पसरतात. घरातच करता येण्याजोगी ही साधी परीक्षा आहे. याखेरीज कात टाकलेली फिकट, पोकळ टरफले आणि चादरीवर चिरडलेल्या ढेकणाचा रक्ताचा डाग याही खुणा होत. ढेकणांची संख्या वाढली की खोलीत एक गोडसर उग्र दर्प येऊ लागतो. ज्यांचे बालपण चाळीत गेले त्यांना तो वेगळा सांगावा लागणार नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते

सर्वाधिक फसवणूक होते ती झुरळाच्या पिल्लांमुळे. स्वयंपाकघरात आढळणाऱ्या लहान जातीच्या झुरळाचे पिल्लू ढेकणाएवढेच, तपकिरी आणि बिनपंखाचे असते. पण त्याच्या मिशा लांबसडक असतात, पाठीवर डोक्यामागून दोन गडद पट्टे गेलेले असतात आणि दिवा लावताच ते विजेच्या वेगाने पळते. ढेकूण इतका चपळ नसतो. झुरळांची विष्ठा मिरपुडीच्या कणांसारखी, तर ढेकणाचा ठिपका कापडात मुरलेला असतो. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण झुरळांसाठी वापरले जाणारे विषारी आमिष ढेकूण खाणारच नाही. त्याचे अन्न रक्त हेच आहे. जेलचे थेंब पलंगाखाली लावून महिनाभर वाट पाहणाऱ्यांच्या पदरी निराशाच येते.

घरात कुत्रा असल्यास गोचीड विसरू नये. उपाशी गोचीड चपटा आणि तांबूस-तपकिरी असतो, भिंतीवर चढतो आणि फटीत लपतो. प्रथमदर्शनी तो ढेकूणच वाटतो. मात्र पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, ढेकणाला सहा. शिवाय गोचीड कातडीला चिकटून दिवसच्या दिवस राहतो, तर ढेकूण काम होताच निघून जातो. कुत्र्यांवरील गोचीड टिक टायफस या तापाचा प्रसार करू शकतो. म्हणून अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा आणि त्यानंतरच्या काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी. ढेकूण समजून अंगाखाली चिरडलेला गोचीड ही माहिती आपल्यासोबत घेऊन जातो.

पिसू ढेकणापेक्षा बरीच लहान, दीड ते तीन मिलिमीटरची असते. ढेकूण वरून चपटा, तर पिसू दोन्ही बाजूंनी दाबलेली असते. ती उडी मारते, आणि एवढ्या एका गोष्टीवरून निर्णय करता येतो. तिचे चावे बहुधा घोट्यांच्या आसपास असतात. मांजर, कुत्रा किंवा घुशी-उंदीर यांच्यामार्फत ती घरात येते, त्यामुळे गाद्या उन्हात टाकून ती जात नाही.

शहरांतील उंच इमारतींमध्ये आणखी एक नवा संशयित आहे. खिडकीच्या सज्जात किंवा वातानुकूलन यंत्रावर कबुतरांनी घरटे केले असेल आणि पिल्ले उडून गेली असतील, तर त्यांच्या अंगावरील माइट जातीचे सूक्ष्म जीव अन्नाच्या शोधात घरात शिरतात. ते खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, चालत्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि माणसाला चावतात. अशा वेळी पलंग कितीही धुतला तरी उपयोग नाही. रिकामे घरटे हटविल्यावरच त्रास थांबतो.

काही कीटक तर मुळीच चावत नाहीत, तरीही त्यांच्यावर आळ येतो. पीठ-रव्यात होणारे तांबूस किडे, ज्यांना कोठे टोके तर कोठे पोरकिडे म्हणतात, ते स्वयंपाकघरातून फिरत अंथरुणापर्यंत येतात. त्यांचे कवच टणक असून पाठीच्या मधोमध पंखांची सरळ रेघ दिसते. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर आणि जुन्या पुस्तकांत पळणारे फिकट, मऊ, टाचणीच्या टोकाएवढे कीटक बुरशीवर जगतात. खोली कोरडी झाली की ते नाहीसे होतात. रुपेरी, मत्स्याकृती कसर कागद आणि खळ खाते. ट्रंकेतील लोकरी शाली आणि रेशमी वस्त्रे कुरतडणारी केसाळ अळी मात्र थोडी निराळी आहे. ती चावत नाही, पण तिच्या केसांमुळे काहींच्या अंगावर पुरळ उठते आणि तिची टाकलेली कात घड्यांमध्ये सापडते. पुरळ आणि कात एकत्र दिसल्यावर ढेकणाचा संशय येणे स्वाभाविक आहे. काचेच्या भिंगाखाली त्या कातीवर केसांचे झुपके दिसले, तर तो संशय दूर होतो.

केवळ चाव्यावरून निदान नाही

अंगावरील गांधी पाहून कीटक ओळखता येतो, हा सर्वांत प्रचलित गैरसमज आहे. ढेकणाच्या लाळेत वेदना जाणवू न देणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात, त्यामुळे चावताना कळत नाही. खाज नंतर सुटते. काहींना ती काही तासांत सुटते, काहींना अनेक दिवसांनी, तर काहींना कधीच सुटत नाही. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याचे अंग स्वच्छ असते. मग दोष साबणाला, पाण्याला किंवा उष्णतेला दिला जातो. एका रांगेत उठलेले तीन-चार चावे ढेकणाचा संशय वाढवितात. पण ते पुरावा नव्हेत.

येथे खरजेचा उल्लेख करणे भाग आहे. खरूजही रात्री वाढते आणि घरातील अनेकांना एकाच वेळी होते. परंतु तिची खाज बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर आणि काखा अशा झाकलेल्या व घडीच्या जागी अधिक असते, तर ढेकूण प्रामुख्याने उघड्या अंगावर चावतो. खरजेचा जीव कातडीतच राहतो आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यावर डॉक्टरांचे औषध आणि कुटुंबातील सर्वांचे एकाच वेळी उपचार हाच मार्ग आहे. घरात फवारणी करून खरूज जात नाही, आणि मलम लावून ढेकूण जात नाहीत.

चुकीच्या संशयाचा इतिहास

कीटकाची ओळख चुकणे ही केवळ गृहिणींची अडचण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल, आसाम आणि बिहारमध्ये काळा आजार या रोगाने असंख्य बळी घेतले. त्याचा प्रसार कोण करतो याचा शोध सुरू असताना लिओनार्ड रॉजर्स यांच्यासारख्या संशोधकांनी ढेकणावर संशय घेतला. मद्रास येथे डब्ल्यू. एस. पॅटन यांना १९०७ साली या रोगाच्या परजीवीची वाढ ढेकणाच्या शरीरात होत असल्याचे दिसले आणि संशय बळावला. पुढे अनेक वर्षे हा सिद्धान्त चर्चेत राहिला. १९२४ साली कलकत्ता येथे नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी हा परजीवी वाळूमाशीत वाढत असल्याचे दाखविले. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली वाळूमाशीच्या दंशाने माणसाला रोग होतो हे प्रत्यक्ष सिद्ध केले, तेव्हा ढेकूण निर्दोष ठरला. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख उभे धरून बसणारी असते आणि मातीच्या भिंतींच्या ओलसर भेगांत व गोठ्यांत राहते. काळा आजाराच्या नियंत्रणासाठी करण्यात येणारी फवारणी तिच्यासाठीच असते.

पिसूच्या बाबतीत याच्या उलट घडले. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराची येथील प्रयोगातून दाखविले. पण त्यावर सहजासहजी विश्वास ठेवला गेला नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतर ते मान्य झाले. एका निरुपद्रवी म्हणून दुर्लक्षिलेल्या कीटकाकडे लक्ष जाण्यास अशी अनेक वर्षे लागली.

ढेकणापासून माणसाला एखादा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. झोपमोड, खाजवून झालेल्या जखमांत होणारा जंतुसंसर्ग आणि मनाची अस्वस्थता हे परिणाम लहान नाहीत. ढेकणांच्या अतिरेकी दंशामुळे बालकांच्या शरीरातील लोह कमी होऊ शकते, याकडे भारतातील पोषणशास्त्रज्ञांनी १९६२ सालीच लक्ष वेधले होते. ढेकूण होणे हे अस्वच्छतेचे लक्षण मानले जाते, तेही खरे नाही. त्याला घाण नको, रक्त हवे असते. लाजेपोटी शेजाऱ्यांपासून गोष्ट लपविली जाते आणि तोपर्यंत भिंतीच्या फटीतून ढेकूण पलीकडे पोहोचलेले असतात.

ओळख पटण्याआधी औषध नको

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीमुळे ढेकूण संपतील असे वाटले होते. परंतु डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ सालीच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे आढळले. आज डास-झुरळांसाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांनाही अनेक ठिकाणचे ढेकूण सरावले आहेत. अशा फवाऱ्याने ते मरण्याऐवजी विखुरतात आणि एका खोलीतील उपद्रव चार खोल्यांत जातो.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. साधे औषध चालत नाही असे पाहून काही जण धान्याच्या कोठारांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवतात. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. तो बंद दाराखालून आणि भिंतीच्या फटींतून शेजारच्या घरातही पोहोचतो, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. ढेकणांच्या औषधाने कुटुंबातील माणसे, विशेषतः मुले, दगावल्याची वृत्ते देशातील शहरांतून वारंवार येतात. ती भाषांतरित करताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात येतो: ज्या किड्यासाठी हे केले, तो ढेकूण होता याची खात्री तरी कोणी केली होती काय? या गोळ्या राहत्या घरात वापरण्यासाठी नाहीत. कोणत्याही कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग अत्यंत विषारी औषधाचा असून त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम आहे. घरात फवारणी करणाऱ्याकडून हे वेष्टन पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.

ढेकूणच असल्याची खात्री झाल्यास उष्णता हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानात ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. चादरी व कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, गादीच्या शिवणींवरून वाफेची इस्त्री फिरवावी, खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. गादी नुसती उन्हात टाकल्याने वरचा थर तापतो आणि ढेकूण आत सरकतात, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने तापविणे आणि शिवणी झटकणे आवश्यक असते. सांध्यांत रॉकेल ओतण्याची जुनी सवय मात्र आगीच्या भीतीमुळे सोडून द्यावी. हे सर्व आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावे लागते.

खात्री होत नसेल तर सापडलेला किडा चिरडू नये. पारदर्शक चिकटपट्टीवर तो अलगद चिकटवावा किंवा झाकणाच्या लहान बाटलीत ठेवावा, आणि कोठे व किती वाजता सापडला ते त्यावर लिहावे. कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्र विभाग, महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक किंवा महापालिकेच्या कीटक नियंत्रण विभागातील कर्मचारी यांना तो पाहून बहुधा काही क्षणांत ओळखता येतो. किडा हाती लागत नसेल, तर गादीच्या शिवणीवरील काळा ठिपका ओल्या कापसाने पुसावा आणि तो कापूसच सोबत न्यावा.